भाडेकरूचं कुलूप

सोयाबीनचं एक वावर विकून नानाजीने जऊळक्यात स्टेशनच्या रस्त्याला खोली बांधली. म्हातारपणाची भाकर म्हणून. पहिला भाडेकरू मिळाला किसनसिंग. करार? छे! "माणसाचा शब्द हाय," म्हणत नानाजीने मोठेपणा केला. दिवाळी सरली, तसा किसनसिंग पुढचं भाडं आगाऊ देऊन, बायको भागिरथाला घेऊन ऊसतोडीला निघाला. दाराला त्याने आपलं कुलूप ठोकलं.

"किल्ली ठेवून जाय ना," नानाजी म्हणाला.

"खोली आमच्या ताब्यात हाय ना? मंग तुमाले किल्ली कायले?"

ताबा! त्या शब्दाने नानाजीची झोप उडाली. ताबा ज्याचा त्याचीच जागा होते, असं पानटपरीवाल्या संघपालने ऐकवलंच होतं. भटाला दिली ओसरी अन् भट हातपाय पसरी, दुसरं काय!

एका सांजेला टपरीवरून परतताना नानाजीला त्या बंद खोलीच्या झरोक्यात उजेड दिसला. कुलूप जसंच्या तसं. दुसऱ्या दिवशीही उजेड! त्याच्या मनात पाल चुकचुकली. या किसन्याने मागच्या मागे पोटभाडेकरू घुसवला, अन् कुलूप नुसतं दाखवायला! बायकोला, तुळसाबाईला, त्याने चकार शब्द सांगितला नाही. बायकांच्या पोटात गोष्ट राहते का कुठं?

त्याने थेट मालेगावची बस धरली आणि रूपाली वकीलबाईंना गाठलं.

"करार नोंदवला का काका?"

"तोंडी हाय."

"मग अटींबद्दल भाडेकरू सांगेल तेच कोर्ट आधी खरं धरेल. नोंदणी करणं तुमचं काम होतं. पोटभाडेकरू ठेवला असेल तर पुरावा आणा, नोटीस देऊ, कोर्टात जाऊ. पण कुलपाला हात लावू नका. तोडलं तर गुन्हा तुमच्यावरच."

नानाजीने मान डोलावली. मान डोलवायला काय जातं! बसमध्ये बसला आणि डोकं पुन्हा तापलं. पुरावा पाहिजे ना? मग घ्या पुरावा!

त्याच सांजेला झरोका उजळला, तसा त्याने संघपालला आणि चार जणांना साक्षीदार म्हणून बोलावलं. "निघ बे बाहेर!" तो दारावर ओरडला. आतून आवाज नाही. नानाजीने सब्बल घातली आणि कुलूप तोडलं.

आत कोणीच नव्हतं. जमीन झाडलेली, भांडी पालथी. फळीवर पोहरादेवीहून आणलेला देवीचा फोटो आणि त्यापुढे तेवणारी पणती.

गलबला ऐकून तुळसाबाई पिठाच्या हातांनी धावत आली. तिने कमरेची किल्ली काढून दाखवली. "भागिरथानं देली मले. सांजचा दिवा लावजो म्हणे, देवी अंधारात नोको."

"अन् मले काहून नाई सांगतलं?"

"तुमच्या हाती किल्ली आली असती, तं इथं दिवा लागला असता का तुमचं कुलूप?"

संघपाल खाली बघू लागला. नानाजीने सब्बल खाली ठेवली. हात दाखवून अवलक्षण! पुरावा तर झाला होता, पण त्याच्याच गुन्ह्याचा, आणि साक्षीदारही त्यानेच जमवलेले. आता तक्रार झाली तर खोलीही जायची आणि अब्रूही. लाज वाटली, भीतीही वाटली. शेवटी त्यानेच किसनसिंगला फोन लावला, स्पीकर चालू करून सगळं सांगितलं.

पलीकडून ट्रॅक्टरच्या धडधडीत उत्तर आलं.

"दार उघडं नोका ठेवू नानाजी," किसनसिंग म्हणाला. "तुमचंच कुलूप लावा. पण किल्ली तुळसामायपाशी राहू द्या."

फोन बंद व्हायच्या आधीच तुळसाबाईने हात पुढे केला होता.