धक्क्यावरची आई

छापखान्याचा माणूस दारात ताटकळत होता आणि लमून पानांवर हात दाबून बसली होती. रविवारी आईचं दहन. तेव्हा येईल त्याच्या हाती आईच्या चरित्राची छापील पुस्तिका द्यायची, ही रीतच. आणि घरात लेखिका असताना ती दुसऱ्या कोणी का लिहावी?

लेखिका कसली, गोष्टी रचणारी! तीस वर्षं तिच्या मासिकातल्या कथांमधून एक आई नदीच्या धक्क्यावर लेकीची वाट बघत उभी असे. ही लमूनचीच आई, बाजारात नारळाच्या दुधाचे आप्पे विकणारी, असं सगळं उथाईथानी गाव समजे. धाकट्या बहिणीने, सुमन्थानेही बजावलं होतं, ती धक्क्यावरची आई तेवढी घाल हं.

'ती धक्क्यावर उभी होती,' अशीच लमूनने सुरुवात केली होती. पण धक्क्यावर आई दिसेचना. दिसली नऊ वर्षांची पोर, बोचकं घेतलेली. तिने 'ती' खोडून 'मी' लिहिलं. मग हात थांबेना. आईने दुसरं घर केलं, त्या नवऱ्याला थोरली नको होती, म्हणून तिला नदीपलीकडे मावशीकडे धाडलं. चार वर्षांची सुमन्था आईजवळ राहिली. लमून सात वर्षं संध्याकाळी मावशीच्या गावच्या धक्क्यावर जात होती. आई आली नाही.

आता हे सुमन्था वाचणार. आईचं आजारपण तिनेच बारा वर्षं काढलं. लमूनला दुसरं होतं तरी कोण? ही दुखावली तर हे दारही बंद, या भीतीने तिने पानं हाताखाली दाबून धरली होती.

सुमन्थाने हाताखालून पानं ओढून घेतली आणि उभ्या उभ्या वाचली. शेवटचं पान तिने दोनदा वाचलं.

"बदलते मी," लमून घाईने म्हणाली. "अजून वेळ आहे."

"सातच वर्षं?"

"सातच. मग मी धक्क्यावर जाणं सोडलं."

"मी नाही सोडलं, ताई. आणखी एक वर्ष इकडे आपल्या धक्क्यावर तुझी वाट बघायला जात होते. आई रोज सांगायची, ताई उद्याच्या होडीने येईल."

तिने पेन्सिल मागितली. शाळेतल्या गोल अक्षरात खाली एक ओळ लिहिली: 'आठव्या वर्षी मी उभी होते.' आणि पानं नेऊन छापखान्याच्या माणसाला दिली.