थकलेल्या हाताचं माप

वसुमतीचं लाकूड आधीच ठरलेलं होतं. गुंडोरावांच्या हेब्बाळच्या कारखान्यात शिरल्याबरोबर तिने लालभडक पडौकच्या फळीवर हात ठेवला.

"अण्णा, गिटारचं अंगही याचंच आणि दांडीही याचीच."

"अगोदर हात दाखवा, अक्का. लाकूड कुठं पळून जातंय?"

गुंडोरावांनी बत्तीस वर्षं एका कंपनीत ओतकामाचे लाकडी नमुने केले होते. निवृत्तीनंतर ते इलेक्ट्रिक गिटारी बनवत. त्यांनी कॅलिपर लावून तिच्या डाव्या हाताचं एकेक बोट मोजलं.

"तर्जनी दुखते?"

"आता नाही."

हे खोटं होतं. मार्च १९९६मध्ये स्कूटरवरून पडून ती तर्जनी दोन ठिकाणी मोडली होती. त्याआधी अकरा वर्षं वसुमती संतोषकुमारच्या ऑर्केस्ट्रात वाजवत होती. आता तिच्या जागी दुसरा गिटारवाला होता. नोव्हेंबरच्या कन्नड राज्योत्सवात अडीच तास सलग वाजवता आलं तर जागा तिची, नाहीतर तो कायम, असं संतोषकुमारने सांगून टाकलं होतं. म्हणून दर रविवारी सकाळी ती गरम पाण्यात हात शेकून, बोटं मोकळी करूनच हेब्बाळची बस धरी.

गुंडोराव चांगल्या लाकडाला लगेच करवत लावत नसत. कॉफीच्या मळ्यातल्या स्वस्त सिल्व्हर ओकची आधी नमुन्याची दांडी करून ती गिऱ्हाइकाच्या जुन्या गिटारला जोडून देत. वसुमतीने परदेशी मासिकातल्यासारखी पातळ दांडी मागितली. कारखान्यात बोटं तिच्यावरून सुरेख फिरली. घरी चौथ्या गाण्याला तर्जनी आखडली. पुढच्या रविवारी तिने ती आणखी पातळ करून घेतली. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा.

"आता कानस चालवली तर आतली लोखंडी सळई बाहेर येईल," गुंडोराव म्हणाले. "उद्या ऑफिस सुटल्यावर तशाच या. गरम पाणी नको."

वसुमती चपापली. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"दर रविवारी बोटं सुरकुतलेली असतात. बत्तीस वर्षं मापं घेतली, स्वल्प तरी दिसणार की नाही?"

सोमवारी इंदिरानगरच्या विमा कचेरीत दिवसभर टायपिंग करून ती पोचली तेव्हा हात सुजला होता. पहिल्याच कॉर्डला तर्जनी तारांवर आडवी बसेना. तिने मान खाली घातली.

"आत्ता खरा हात आला," गुंडोराव म्हणाले. त्यांनी दांडीच्या पाठीवर मऊ मेणाचा थर दिला. "दाबा. दुखेल तिथं थांबायचं."

मेण तिच्या तळव्याच्या खोबणीत भरलं. त्यांनी मोजलं: पंचवीस मिलिमीटर.

"हे लाटणं झालं, अण्णा!"

"असू दे की. पातळ दांडीवर सगळी मेहनत अंगठ्याची आणि तर्जनीची. तळवा नुसता बसून पगार खातोय."

"सरी, जाड तर जाड. पण पडौकचीच करा."

"एवढी जाड आणि जड? गिटार मान खाली टाकेल. मग तोलायला पुन्हा हाच हात. दांडी फणसाची करू; वीणेला चालतो, तुम्हालाही चालेल. पडौक अंगाला लावू, ते वजन खांद्यावर जाईल."

अख्खी लाल गिटार सहा महिने तिच्या डोळ्यांसमोर होती. ती फळीकडे बघत राहिली. "लाल अंग, पिवळी दांडी. कन्नड झेंडाच होईल."

"मग राज्योत्सवाला कोण काढेल तुम्हाला?"

वसुमती हसली, पण होकार दिला नाही. गुंडोरावांनी सिल्व्हर ओकचीच जाड दांडी करून दिली. पुढचा आठवडाभर ती ऑफिसातून येऊन, हात न शेकता वाजवत होती. शुक्रवारी घड्याळ लावून अडीच तास वाजवलं. बोट दुखलं, आखडलं नाही.

शनिवारी दुपारी तिने कारखान्यातूनच संतोषकुमारला फोन लावला.

"बोट पूर्ण बरं झालेलं नाही," ती म्हणाली. "कदाचित होणारही नाही. पण अडीच तास वाजवते. ऐकून ठरव."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "बुधवारी तालमीला ये. गाण्यांची यादी पाठवतो."

तिने फोन ठेवला. गुंडोराव पेन्सिल कानावर अडकवून उभे होते.

"फणस कापू?"

"कापा," वसुमती म्हणाली आणि फळीचं दुसरं टोक धरायला पुढे झाली.