कुरवांना लागलेली दशमीची चटक

मी एक जुनं बेट आहे. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यापासून बोटीनं दीड तासावर, थंड पाण्यात पाय सोडून बसलेलं. वय विचारू नका. हिमनदीनं मला घासूनपुसून मोकळं केलं, तेव्हा तुमच्या पणजोबांच्या पणजोबांचाही पत्ता नव्हता. माझ्यावर झाड नाही, घर नाही, माणूस नाही. उत्तरेला खडक, मध्ये गुडघाभर गवत आणि दक्षिणेला दिवसभर लोळणारे आळशी सील. धुकं आलं की मी मलाच सापडत नाही.

मित्रांनो, माझा खरा तोरा पफिन पक्ष्यांचा. काळा कोट, केशरी चोच आणि चाल थेट लग्नातल्या व्याह्याची! पण कित्येक वर्षं ते माझ्यावर रुसले होते. यंदा एक जोडपं आलं आणि खडकाखालच्या बिळात एकुलतं एक पिल्लू जन्मलं. मला आभाळ ठेंगणं झालं.

त्या पिल्लाच्या नोंदी घ्यायला स्टेट कॉलेज नावाच्या गावाहून देवयानी आली. पक्ष्यांवर संशोधन करणारी, शिस्तीची मुलगी. सोबत कॅमेरे बसवायला नागपूरचा परीक्षित. देवयानी जेवायला बसली आणि घरच्या सवयीनं दशमीचा पहिला घास काढून खडकावर ठेवला. इथे कावळा कुठला? एक कुरव आला. समुद्रावरचा हा दांडगा पक्षी मासे खातो, अंडी खातो आणि दुसऱ्यांची पिल्लंही. दुसऱ्या दिवशी नऊ आले. चौथ्या दिवशी सत्तर!

"अगं, रूल काय आहे? इथे काहीच टाकायचं नाही," परीक्षित म्हणाला.

"एकच घास रे! आमच्याकडे पाखरांना दिल्याशिवाय कोणी जेवत नाही," देवयानी पुटपुटली. तेवढ्यात तिचा चेहरा उतरला. सर्वांत थोराड कुरव बिळाच्या तोंडाशी जाऊन बसला होता.

ती त्याला हाकलायला तिकडे धावली. इकडे परीक्षित बहाद्दरानं उरलेल्या दशम्यांना ठेचा फासून खडकावर मांडल्या. "खा लेको! परत तोंड दाखवणार नाही तुम्ही." कुरवांनी ठेचा चाटूनपुसून खाल्ला आणि आणखी मागायला एक त्याच्या टोपीवर बसला.

"यार परीक्षित, पक्ष्यांना तिखट लागतच नाही!" देवयानीनं कपाळावर हात मारला. मला हसू आलं आणि लगेच पिल्लाच्या काळजीनं रडूही.

त्या दिवसापासून दोघं तंबूची चेन लावून, आत घामाघूम होऊन जेवू लागली. बाकीचा वेळ देवयानी बिळावर पहारा देई. पफिन बुजू नयेत इतक्या अंतरावर बसे आणि थोराड पुढे सरकला की उठून उभी राही. कुरवांनी तिच्या डोक्यावर मनसोक्त राग मोकळा केला. ती हलली नाही. पहाऱ्याच्या सहाव्या दिवशी कंटाळून ते मुकाट माशांकडे वळले.

ऑगस्टमध्ये पिल्लू समुद्रात उतरलं. मागे वळून पाहिलंही नाही लबाडानं! आता दोन-तीन वर्षं ते जमिनीला पाय लावणार नाही. माझा जीव तुटला. मलाही हात असते, तर मीही त्याच्यासोबत चार घास बांधून दिले असते. म्हणून देवयानीवर मला रागावता येत नाही.

पण मित्रांनो, तुम्ही आलात तर लांबून बघा आणि काही देऊ नका. पाखरांचं पोट समुद्र सांभाळतो. त्यांना परत यायला जागा तेवढी राहू द्या.