अकरा घरे मंजूर, बाराव्यात मी

मंगळवारी सकाळी दहा वाजता नगरपालिकेचे सदस्य मैदानावर आले आणि माझ्यासमोर अर्धगोल करून उभे राहिले. मी जागचा हललो नाही. मित्रांनो, मी एक जुना रोडरोलर आहे, आणि मी हलत नाही हीच त्यांची अडचण होती.

विषय छोटा होता. रस्त्याच्या कामावरच्या मजुरांसाठी या मैदानाच्या कडेला बारा बैठी घरे बांधायची की नाही, एवढेच ठरवायचे होते. जागा कशी दिसेल ते कळावे म्हणून पालिकेच्या इंजिनिअरने जमिनीवर पांढऱ्या फक्कीने सगळी घरे आखून ठेवली होती. अकरा घरे मोकळ्या जमिनीवर होती. बाराव्याची रेघ माझ्या पुढच्या चाकाशी येऊन थांबत होती आणि मागच्या चाकापलीकडून पुन्हा सुरू होत होती.

मी तिथे कसा आलो, ते आधी सांगतो.

लोखंडाचा रस साच्यात ओतून माझी चाके घडवली गेली. कारखान्यातून बाहेर पडताना तपासनिसाने माझ्या कुशीवर थाप मारली आणि म्हणाला, "चांगला जड झालाय." आमच्या जातीत याहून मोठी शाबासकी नाही. मालगाडीने मी या शहरात पोचलो. मला चालवायला जो माणूस मिळाला त्याला सगळे सावकाशकाका म्हणत. माझी चाल माणसाच्या चालीहूनही मंद, आणि काकांचे बोलणे माझ्या चालीहून मंद. त्यांनी सकाळी सांगायला घेतलेली गोष्ट जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुरायची.

माझ्यापुढे बायकांची रांग असे. टोपलीतली खडी पसरायची, हाताने सारखी करायची आणि बाजूला व्हायचे. मग मी जायचो. रांगेत सर्वांत पुढे असायची ती खडीवाली. तेव्हा ती नुकती कामाला लागलेली मुलगी होती. मागे वळून न पाहता, नुसत्या माझ्या आवाजावरून, ती अगदी शेवटच्या क्षणी बाजूला व्हायची आणि ओरडायची, "या आता, महाराज!" सावकाशकाकांचा जीव दर वेळी वरखाली होई.

मित्रांनो, तुम्ही शाळेला जाता तो रस्ता, दवाखान्याचा चढ, बाजाराची गल्ली, सगळे आम्ही केलेले. रस्ता झाला की लोक चपलेने ठोकून बघत आणि म्हणत, "रोलर चांगला होता." खडी कोणी पसरली हे कोणी विचारत नसे. मलाही तेव्हा ते खटकले नाही.

पुढे नवे यंत्र आले. ते थरथरत दाबायचे आणि माझ्या निम्म्या वेळात काम उरकायचे. सावकाशकाकांनी मला या मैदानात आणून उभे केले, ब्रेक लावला, "येतो दोन दिवसांनी" म्हणाले आणि निवृत्त झाले. पहिल्याच वर्षी माझ्या पितळी नळ्या चोरीला गेल्या, मग बॅटरी, मग बसायची गादी. इंजिनात चिमण्यांनी घरटे केले. पावसाळ्यागणिक चाके जमिनीत रुतत गेली. पालिकेतून कोणी फिरकले नाही.

फिरकली ती खडीवाली. मैदानाच्या कडेला मजुरांसाठी पत्र्याच्या तात्पुरत्या खोल्या होत्या. त्या तात्पुरत्या खोल्यांत तिचे केस पांढरे झाले. तिच्याबरोबर तिची मोठी बहीण, ताई, राहते. तिचे दोन्ही गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. पत्रा तापला की दोघी माझ्या सावलीत येऊन बसतात.

फक्की पडली त्या दिवशी मंजुरीची वाट न पाहता मजुरांनी चिठ्ठ्या टाकून घरे वाटून घेतली. खडीवालीला बारावे आले. ती तिथे आली, दाराच्या जागी रेघेत ठेवलेल्या फटीपाशी थांबली, चपला बाहेर काढल्या आणि मग आत पाऊल टाकले.

"अगं, भिंत नाही, छप्पर नाही, चपला कसल्या काढतेस?" ताई म्हणाली.

"सवय लागायला नको का? आणि तू भिंतीतून काय आलीस? दार तिकडे आहे."

"मला गुडघे आहेत. मी भिंतीतूनच येणार." ताईने माझ्या चाकाला काठीने टोचले. "स्वयंपाकघरात हा बसलाय त्याचं काय? की यालाच दोन भाकरी जास्त टाकणार आहेस?"

खडीवाली हसली, पण तिचा हात माझ्या चाकावर बराच वेळ होता. ती मला ढकलून पाहत होती, हे मला उशिरा कळले.

आता औषधवाल्यांविषयी. मैदानासमोर त्यांचे घर आणि खाली दुकान आहे. माणूस वाईट नाही. मजुरांच्या पोरांना खोकल्याचे औषध त्यांनी कित्येकदा फुकट दिले आहे. पण खिडकीसमोरचे मैदान जाणार, म्हणून घरे होऊ नयेत असे त्यांना वाटत होते. एकट्याने 'नको' म्हटले तर वाईट दिसते. एका संध्याकाळी त्यांची नजर माझ्यावर पडली.

दुसऱ्या दिवशी ते रॉकेलचा डबा आणि चिंध्या घेऊन आले. गंज घासला, गवत उपटले, मला पिवळा रंग दिला. शेजाऱ्यांना गोळा करून म्हणाले, "या शहराचा इतिहास आहे हा. याला धक्का लागता कामा नये." वर्तमानपत्रात माझा फोटो आला. त्यांची बायको खिडकीतून ओरडली, "घरातला पंखा पुसा म्हणून वर्ष झालं सांगतेय! तो इतिहास नाही वाटतं?"

मित्रांनो, खरे सांगतो, मला बरे वाटले. इतक्या वर्षांनी कोणी माझे अंग पुसले होते. रंग वाळेपर्यंत मी त्याच सुखात होतो. मग माझ्या लक्षात आले की मी ज्यांच्यासोबत काम केले, त्यांच्याच वाटेत मला धोंड म्हणून सजवले आहे.

तर मंगळवारी सदस्य आले. अध्यक्षबाईंनी इंजिनिअरला विचारले, "हा हलेल का?"

"चालू तर होणार नाही, बाई. गॅसनं कापून तुकडे करून नेता येईल."

"कापणार?" औषधवाले पुढे झाले. "आमच्या सह्या आहेत. शंभरावर लोकांनी केल्यात."

"मग उचलू क्रेननं," इंजिनिअर म्हणाला, "पालिकेच्या दारात ठेवू. तिथं शोभेल."

"आणि उचलताना मोडला तर? जबाबदारी कोणाची?"

मागून ताईचा आवाज आला, "औषधवाले, तो मोडला तर जबाबदारी विचारता. माझी बहीण मोडली तर?"

"आक्का, तुमच्याशी माझं भांडण नाही."

"तेच तर. भांडण असतं तर तोंडावर बोलला असतात. रोलरच्या आडून कशाला बोलता?"

औषधवाल्यांचा चेहरा पडला. अध्यक्षबाईंनी खडीवालीला विचारले, "तुम्हाला काय म्हणायचंय?"

खडीवाली म्हणाली, "याला कापू नका. माझ्या डोळ्यांदेखत तरी नको. पण बाई, मला घर पाहिजे."

एक सदस्य म्हणाले की अकरा घरे बांधावीत, बारावे वगळावे, वाद मिटेल. दुसऱ्या सदस्यांनी विचारले, मग ही बाई कुठे जाईल? पत्र्याच्या खोल्या तर पाडायच्या आहेत. तिसरे म्हणाले, मुलाकडे जाईल. "मूल नाही," ताई म्हणाली. "मी आहे. मी कुठं जाऊ तेही लिहून घ्या."

हात वर झाले. ठराव असा झाला: अकरा घरे मंजूर. रोलर न मोडता हलवता आला तर बारावेही मंजूर. शनिवारी पाया खणायला घेतील. तोवर हलला नाही तर बारावे वगळून काम पुढे जाईल. कापायचा नाही. औषधवाल्यांनी ठरावाला विरोध केला नाही. मजुरांनी टाळ्या वाजवल्या, पण थोड्याच. बारावीकडे पाहून अकरा जणींना मोकळेपणाने वाजवता येईना.

बुधवारी पालिकेची क्रेन आली. पट्टे बांधले, दोर ताणला. मित्रांनो, मी आयुष्यभर एकच गुण कमावला होता, जडपणा. त्या वेळी मला फक्त हलके व्हायचे होते आणि तेवढेच मला येत नव्हते. माझे पुढचे चाक चार बोटे उचलले गेले. त्याबरोबर क्रेनचीच मागची चाके जमिनीवरून सुटली. चालकाने घाईने मला खाली ठेवले. "मोठी क्रेन लागेल," तो म्हणाला. "आणि याच्या चाकांभोवतीची माती मोकळी करून ठेवा, नाहीतर तीही उचलणार नाही."

माझे एवढेच मागणे आहे. एखादी वस्तू निकामी झाली तर तिला वेळेवर पुसा, वेळेवर तेल घाला, नाहीतर वेळेवर निरोप द्या. रुतू देऊ नका. आणि कोणाचा रस्ता अडवता येतो एवढ्यासाठी तिच्यावर कधी प्रेम करू नका. त्या प्रेमाने रंग येतो, पण वस्तूला मान खाली घालावी लागते. आणि माझ्यासारख्याला तर मानही नाही.

आज शुक्रवार, दुपारचे चार वाजले आहेत. खडीवाली माझ्या मागच्या चाकाखालची माती कुदळीने सोडवते आहे. ताई बसल्या जागी काठीने दाखवते आहे आणि चुका काढते आहे. अर्ध्या तासापूर्वी औषधवाले दुकान बंद करून आले. कुंपणाशी थोडा वेळ उभे राहिले, मग आत आले. ताईने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाली, "फावडं तिकडं आहे." त्यांनी ते उचलले आहे. मोठी क्रेन शेजारच्या शहरातून सकाळीच निघाली, असा निरोप आहे. ती अजून पोचलेली नाही.