'कंपेल'च्या समासातलं वाक्य

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे, मित्रांनो. पुठ्ठा निघालेला, शेवटची चार पानं गमावलेला. गर्व मात्र अजून शाबूत आहे. एके काळी माझ्याशिवाय घरातलं पान हलत नसे.

नाशिकच्या मेन रोडवरून सावळीराम गुरुजींनी मला विकत घेतलं आणि एसटीनं इगतपुरीला नेलं. गुरुजी तिथल्या शाळेत सातवीला इंग्रजी शिकवायचे. इगतपुरीचा पाऊस चार महिने हलायचं नाव घेत नाही. माझ्या पानांना बुरशी धरायची. मग गुरुजी मला शेगडीजवळच्या फळीवर ठेवायचे आणि स्वतः मात्र दमट सदरा घालून शाळेत जायचे. असे लाड पुढे कुणी केले नाहीत.

त्या घरात एक रीत होती. ताटं वाढण्याआधी माझ्यातला एक शब्द काढायचा आणि त्यावर आपल्या घरातलं खरं वाक्य करायचं. पुस्तकी वाक्य चालत नसे. गुरुजींची लेक निकिता ते पेन्सिलीनं माझ्या समासात लिहायची, गुरुजी लाल पेनानं तपासायचे.

'कंपेल' शब्द आला त्या दिवशी गुरुजी रंगात आले होते. "कंपेल म्हणजे भाग पाडणं, सक्ती करणं. पाऊस भाग पाडतो, माणूसही पाडतो. पण गोडीनं मन वळवलं तर हा शब्द नाही हं. समोरच्याची इच्छा नसेल तरच कंपेल." निकिता नुकतीच दहावी पास झाली होती. तिनं वाक्य लिहिलं, गुरुजींनी तपासलं आणि सगळे जेवायला बसले.

पुढे निकिता इंजिनिअर झाली, नाशिकला राहू लागली. घरात मोबाइल आला आणि मला कुणी विचारेना. मी कपाटावर गेलो, माझ्यावर लोणच्याची रिकामी बरणी आली. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

गुरुजी आता एकटेच असतात. गेल्या महिन्यात ते अंगणात घसरून पडले आणि निकिता आली ती घर आवरायलाच.

"बाबा, इथं एकटं राहायचं नाही. नाशिकला चलायचं. ठरलंय."

 गुरुजींचे कपडे पिशवीत गेले, मी रद्दीत. गुरुजींनी मला हळूच उचललं, पानं चाळली आणि 'कंपेल'वर थबकले. समासात निकिताचं कोवळं अक्षर होतं, 'माय फादर कंपेल्स मी टू टेक सायन्स.' पुढे लाल शाईत बरोबरची खूण आणि 'शाब्बास'.

गुरुजी कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले.

"निकिता, हे मी तपासलं होतं," ते म्हणाले. "वाचलं नव्हतं."

"जाऊ द्या हो बाबा. किती वर्षं झाली."

"तुला काय करायचं होतं गं?"

"चित्रकला. फॉर्मसुद्धा आणला होता." तिनं समासातल्या अक्षरावरून बोट फिरवलं. "रोज वाटायचं, बाबा आज विचारतील."

ते वाक्य लिहिलं गेलं तेव्हाही मी सगळं बघत होतो, मित्रांनो. माझ्याजवळ अर्थ होता, तोंड नव्हतं. ती खंत मला बुरशीपेक्षा जास्त खात आली आहे.

निकितानं हातातली पिशवी खाली ठेवली.

"बाबा, तुम्हाला यायचंय का? खरं सांगा."

"नाही गं. मला इथंच राहायचंय."

निकिता रडली. मग तिनं एकेक सदरा पुन्हा खुंटीला लावला आणि शेजारच्या सुलाबाईंना सांगायला गेली, की रोज दोन वेळा येऊन बाबांकडे बघत जा.

मित्रांनो, घरात माझ्यासारखं जुनं पुस्तक असेल तर त्याला अधूनमधून ऊन दाखवा, त्याची पानं दुमडू नका. एवढंच मागणार होतो, पण आता आणखी एक मागतो. माझ्यात हजारो शब्दांचे अर्थ आहेत, तरी तुमच्या घरातल्या माणसाला काय हवंय ते माझ्या एकाही पानावर नाही. ते त्यालाच विचारा, आणि वेळेत विचारा.