तिसरी गुंज

मित्रांनो, मी एक जुनी गुंजेची वेल आहे. मंगळवेढ्याकडच्या एका माळावर, ओढ्याकाठच्या हिवराच्या झाडावर चढून बसले आहे. कुण्या पाखरानं टाकलेल्या बियातून मी उगवले. माझ्या लाल बियांना काळा टिपका असतो. एकेकाळी सोनार त्यांनी सोनं तोलत. बेंदराच्या सणाला मातीच्या बैलांना त्या डोळे म्हणून लावत. मग वजनाचे काटे आले, आणि मला कुणी विचारेना.

गेल्या माघात शाळेची मुलं रानझाडं ओळखायला आली. शेरडं राखणाऱ्या राजाबाई एकेक झाड दाखवत होत्या, मुलांच्या शिक्षिका महेश्वरीबाई नावं लिहून घ्यायला सांगत होत्या. राजाबाईंनी माझा पाला ओरबाडून मुलांच्या हातावर ठेवला. विड्यात घालतात, म्हणाल्या.

"लई गोड हाय, चावून बघा की."

मुलं माना डोलवू लागली. किती वर्षांनी माझं कौतुक झालं! मी सुखावले. इतक्यात एक शेरडू ओढ्यात उतरलं, राजाबाई त्याच्यामागं धावल्या, आणि बियांचं सांगायचं राहून गेलं.

चौथीतल्या उत्कर्षानं तडकलेल्या शेंगेतून तीन गुंजा काढल्या. पान एवढं गोड, तर बी किती असेल, असं वाटलं असेल बिचारीला. तिनं त्या तोंडात टाकल्या.

मित्रांनो, माझं बी विषारी आहे. कवच दातानं फुटलं, की विष अंगात भिनतं, जीवही जातो. मला ओरडता येईना. वारा पडलेला, पान हलवून खुणावताही येईना. माझीच लेकरं दुसऱ्या कुणाच्या तरी लेकराच्या दाताखाली होती.

परत आलेल्या राजाबाईंना तिचा फुगलेला गाल दिसला.

"थुक आदी. चावलीस का गं?"

तळहातावर दोनच पडल्या. तिसरी पोटात गेली होती. चावली की नाही, ते रडण्यात तिला सांगता येईना.

"चूक माजी हाय, बाई," राजाबाई म्हणाल्या. "पानाचं सांगितलं, बियाचं न्हाय."

महेश्वरीबाईंनी पोरीला उचलून दवाखान्यात न्यायला शाळेच्या गाडीत घातलं. गाडी धुरळ्यात दिसेनाशी झाली.

चार दिवस मी शेंगा मिटायला पाहत होते. तडकलेली शेंग मिटत नाही.

पाचव्या दिवशी राजाबाई विळा घेऊन आल्या. मला मुळापासून तोडणार, असं वाटलं, आणि ते मला पटलंही. पण त्या एकेक शेंग उतरवू लागल्या. शेरडांशी बोलावं तसं माझ्याशी बोलल्या, "आख्खीच भाईर पडली गं गुंज. पोर घरी आली."

मित्रांनो, रानातलं काहीही तोंडात घालण्याआधी जाणत्या माणसाला विचारा. आणि जाणत्या माणसांनो, अर्धं सांगून शेरडामागं धावू नका.