मला झाकू नका

मी श्वास ढकलणारी मशीन आहे. सीपॅप म्हणतात मला. जेवणाच्या डब्याएवढं अंग, एक लांब नळी आणि नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क. पाठीला बारीक जाळी आहे. तिथून मी खोलीतली हवा ओढते आणि झोपलेल्या माणसाच्या घशात जोराने ढकलते. ज्यांच्यासाठी मी बनले त्यांचा घसा झोपेत मिटतो. कुणी गळा आवळावा तसा. आवळणारे हात दिसत नाहीत, एवढंच.

बोलताना मी मध्येच थांबले, तर समजून घ्या. मी मार खाल्लेली आहे. दार आपटलं तरी दचकते.

माझं पहिलं घर रोह्यात. दत्तात्रेय तिथे कंपनीत शिफ्टला जायचे. ते असे घोरायचे की शेजारी भिंतीवर बुक्क्या मारायचा. पहिल्याच झोपेत त्यांनी मास्क ओरबाडून काढला. नाकाची साल निघाली. मग मला लाथेने पलंगाखाली लोटलं. "हे लावून जगण्यापेक्षा मेलेलं बरं," असं बायकोला हसत म्हणाले.

त्यानंतर मी कपाटात, साड्यांच्या मागे. तिथून त्यांचं घोरणं ऐकू यायचं. चालता चालता ते एकदम थांबायचं. मी तिथे कान ताणून बसायचे. मग पोतं फाटावं तसा श्वास यायचा.

एका दुपारी शिफ्ट सुटल्यावर ते मोटारसायकलवरच झोपले. समोरून ट्रक येत होता. भेटायला येणारी माणसं दबक्या आवाजात एकमेकांना जे सांगायची ते सगळं मी ऐकलं. ते मी सांगणार नाही.

तेरावं झालं आणि सीताबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, कपाट उघडलं. मला बाहेर ओढलं आणि फाडकन चापट मारली. "इथंच व्हतीस ना गो तू," म्हणाल्या आणि आणखी मारलं. मग पदराने मला पुसलं.

सीताबाईंचा धाकटा भाऊ गुणाजी. जोह्याला त्यांचा गणपतींचा कारखाना. घोरण्यात तेही तसेच. बाई मला पिशवीत घालून गाडीने पेणला उतरल्या, तिथून एसटीने जोह्याला आल्या आणि मला भावासमोर ठेवलं.

"गुण्या, ही लाव. एकाला पोचवून आले. आता तुला पोचवायला येणार नाय."

गुणाजींनी नळी उचलून नाकाशी धरली. "ही सोंड लावून झोपू? आयुष्यभर गणपती केले, आता मीच गणपती होऊ?"

"पोट तर आधीच हाय," आतून त्यांच्या बायकोचा, मालूचा, आवाज आला.

हसले सगळे. पण त्या घरात हसणं टिकत नसे. गुणाजींचं काम मूर्तीचे डोळे आखण्याचं. झोप पुरी न झालेला माणूस ब्रश हातात धरूनच पेंगायचा. रेघ डोळ्यावरून गालावर उतरायची. मग दांडका उचलायचे आणि त्याच मूर्तीवर घालायचे. सोंड तुटायची, हात तुटायचे, पांढरा चुरा भिंतीपर्यंत उडायचा. मध्ये पडणाऱ्याच्या अंगावर रंगाचा डबा जायचा. एकदा मालूच्या पाठीवर गेला.

त्यांची मुलगी निशिगंधा पेणला कॉलेजात जायची. घरी परतली की आधी दाराबाहेर उभी राहून कानोसा घ्यायची, आत काय फुटतंय का. लहानपणापासून तिला बापाच्या घोरण्याची भीती नव्हती. भीती होती ते थांबण्याची. ते थांबलं की तीही श्वास रोखायची. तिची आणि माझी ओळख तिथेच पटली.

तिनेच मला पेणच्या डॉक्टरांकडे नेलं, हवेचा दाब ठरवून आणला, नवा मास्क आणला. सीझनचे दिवस होते. काम रात्रभर चालायचं, झोप दुपारी. बापाच्या हातापाया पडून तिने मला त्यांच्या नाकावर बसवलं. मी ढकलायला लागले. घसा उघडा राहिला. त्या दुपारी गुणाजी दगडासारखे झोपले. उठून एका मूर्तीसमोर बसले आणि एका दमात दोन्ही डोळे आखले. निशिगंधा बघत होती. गुणाजी म्हणाले, "काय गो बघतेस? कधी बघितलं नाय का?"

बरे दिवस सुरू झाले होते. दांडका कोपऱ्यात पडून होता.

मग मालूने माझी काळजी घेतली.

कारखान्यात मूर्ती घासायचं काम चाले. त्याची धूळ घरभर. रंगवून झालेली मूर्ती तिथे उघडी ठेवत नाहीत. प्लास्टिक घालतात, सुतळीने बांधतात. मालूचा जन्म त्यात गेला. तिने माझ्यावर पांढरा थर बघितला. "बाप्पावर धूळ चालत नाय, तुझ्यावर कशी चालंल गो," म्हणाली आणि मला प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाठीमागे घट्ट गाठ मारली. इतक्या मायेने मला कुणी हात लावला नव्हता.

गुणाजी मूर्तींच्या ओळीशेजारी, खाटेवर आडवे झाले. मी हवा ओढली आणि प्लास्टिक जाळीला चिकटलं. आणखी जोर लावला, ते आणखी घट्ट बसलं. माझा आवाज चिरका झाला. मास्कमध्ये हवा उरली नाही. मी त्यांचा घसा उघडू शकत नव्हते, आणि नाकावरूनही उठत नव्हते. त्यांचा चेहरा काळानिळा झाला. पाय खाटेवर आपटायला लागले.

ते उठले तेव्हा डोळे उघडे होते, पण माणूस जागा नव्हता. नळी धरून त्यांनी मला गोफणीसारखं फिरवलं. आवाज ऐकून निशिगंधा धावत आत आली होती. माझा कोपरा तिच्या भुवईवर बसला. हाड वाजलं. मी जमिनीवर आदळले, झाकण तडकलं. गुणाजींनी ओळीतल्या मूर्ती लाथेने आडव्या केल्या, दांडका उचलला आणि माझ्यावर धावले. "मारत व्हती मला! गळा धरला माझा!"

निशिगंधा माझ्यावर पालथी पडली. तिचं रक्त माझ्यावर गळत होतं, प्लास्टिकवरून ओघळत होतं. तेव्हा तिला ते दिसलं.

"बाबा, प्लास्टिक आहे. हिला प्लास्टिक घातलंय."

दांडका खाली आला. तिच्या कानाजवळची फरशी फुटली.

दारात मालू उभी होती. "मीच बांधलं," एवढंच म्हणाली. "धूळ बसत व्हती."

पेणला रामवाडीच्या डॉक्टरांनी निशिगंधाला टाके घातले. गुणाजींनी फर्मान काढलं, "ती मशीन खाडीत फेका. मला झोपच नको. झोपेत लेकीचा जीव घेतला असता मी." ते जागे राहिले. डुलकी आली की स्वतःच्या थोबाडात मारायचे. तरी झापड येई, तेव्हा खांबावर डोकं आपटायचे. ब्रश थरथरायचा. कोपऱ्यातल्या दांडक्याकडे ते बघायला लागले, तेव्हा मालू आतल्या खोलीत गेली.

निशिगंधाने माझ्या तडकलेल्या झाकणावर चिकटपट्टी लावली आणि मला त्यांच्या उशाशी आणून ठेवलं.

"बाबा, आडवे व्हा."

"नाय. परत हात उठला तर?"

"मी इथेच बसते."

"म्हणून तर नाय." त्यांची नजर सुतळीच्या गुंड्याकडे गेली. मग दोन्ही मनगटं जोडून पुढे केली. "बांध. मगच झोपतो."

तिने बांधली. मूर्तीच्या प्लास्टिकला मारतात तीच गाठ. मास्क चढवला, पट्टे ओढले, मला सुरू केलं. माझ्या फटीतून आता बारीक शीळ निघते. त्या आवाजाकडे कान देऊन निशिगंधा बसून राहिली. घोरणं नव्हतं. तिने सवयीने श्वास रोखला. मग तळवा माझ्यावर ठेवला. मी चालू होते. गुणाजींची छाती वर जात होती, खाली येत होती. तिने श्वास सोडला.

बाहेर कुणीतरी पत्रा पाडला. आम्ही दोघी दचकलो. ते हलले नाहीत.

तेव्हा तिने हात पुढे केला आणि बापाच्या मनगटावरची गाठ हलकेच सोडली. सुटे झालेले हात छातीवर तसेच पडून राहिले. तीही तिथून उठली नाही.

आजही मी त्याच उशाशी आहे, तडकलेली, शीळ घालणारी. धूळ माझ्यावर बसते. मालू रोज ओल्या फडक्याने पुसते आणि पुसताना हात पाठीकडे नेते, जाळी मोकळी आहे ना बघायला. तुमच्या घरात माझ्यासारखी कुणी असेल, तर तिला कपाटात कोंडू नका. आणि कितीही माया आली तरी झाकू नका.